नकोसे केस, आणि गाळलेलं ‘मला’

पुण्यातल्या एका स्किन क्लिनिकच्या जिन्यात, मेडिकलच्या दुकानावरच्या वळणावर, एक बोर्ड आहे. गुळगुळीत पायांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत: ‘नकोशा केसांपासून कायमची मुक्ती!’ सहा महिन्यांत मी तो बोर्ड चारदा वाचला. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाला एक खोड लागते, समोर येईल त्या वाक्याचा कर्ता शोधायची. किराणा दुकानातल्या ‘उधार बंद आहे’ या पाटीपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत काहीही सुटत नाही. मी पुस्तकांची परीक्षणं लिहिते. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांची किंमत चारशे रुपयांच्या आत असते. ज्या मजकुराने माझ्याकडून पाच आकडी रक्कम घेतली, त्याचं परीक्षण मात्र मी कधी लिहिलं नाही. ते आता लिहितेय. परीक्षणासाठी घेतलेला मजकूर असा: एक बोर्ड, एक ब्रोशर, एक संमतीपत्र, आणि दुसऱ्या एका डॉक्टरांच्या टेबलावरचा एक कागद.

बोर्डापासून सुरुवात करू. ‘मुक्ती’ हा शब्द आपल्याकडे फार फिरलाय. संतांकडून निघाला आणि सरकारी योजनांमध्ये रमला: कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव. या रांगेत आता माझी हनुवटी उभी आहे. ज्यापासून ‘मुक्ती’ मिळवायची ती गोष्ट आधीच वाईट ठरलेली असते, हे या शब्दाचं खरं काम. तंटा वाईट, कर्ज वाईट, व्यसन वाईट. केस वाईट आहेत का, हा प्रश्न बोर्डाने विचारला नाही, पण उत्तर देऊन टाकलं.

‘कायमची’ हा शब्द तर सरळ खोटा आहे, आणि तो खोटा आहे हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेचं एफडीए लेझरच्या मशीनना ‘कायमस्वरूपी केस काढणारी’ असं म्हणू देत नाही. त्यांचा शब्द ‘कायमस्वरूपी घट’ असा आहे. म्हणजे ठरावीक सिटिंग झाल्यानंतर जे केस परत येतात त्यांची संख्या आधीपेक्षा कमी असते आणि बराच काळ कमीच राहते. सगळे जातात असं नाही, एकही येणार नाही असं तर नाहीच. ‘घट’ हा किती प्रामाणिक शब्द आहे! पण ‘नकोशा केसांमध्ये दीर्घकालीन घट’ असा बोर्ड लावला तर जिना कोण चढेल?

माझं खरं भांडण मात्र ‘नकोशा’शी आहे.

शाळेत विभक्ती शिकवताना बाई सांगायच्या की ‘नको’ एकटं राहू शकत नाही, त्याला माणूस लागतो. मला नको. तिला नको. त्यांना नको. चतुर्थी पाहिजेच. ‘नकोसे केस’ म्हटलं की तो माणूस गळतो. केस नकोसे आहेत, जसा कावळा काळा आहे. नकोसेपणा केसांचाच गुण होऊन बसतो. इंग्रजीतून हिंदी जाहिरातीत आणि तिथून मराठीत येताना हा शब्द इतका सराईत झाला की आपण विचारतच नाही: कुणाला नकोसे?

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. त्यामुळे हा शब्द माझ्या कानाला जरा जास्तच टोचतो. आमच्या शाळेत एक मुलगी होती, नाव नकुसा. तिसरी मुलगी झाली की काही घरांत असं नाव ठेवायचे, म्हणजे पुढचा मुलगा होतो म्हणे. २०११ साली साताऱ्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभ करून बदलली. तोपर्यंत हजेरी घेताना गुरुजी रोज ‘नकुसा’ म्हणायचे आणि ती रोज ‘हजर’ म्हणायची. आम्हांला त्यात काही वाटायचं नाही. तिथेही हाच घोळ होता. ती कुणाला नको होती, हे नावात नव्हतं. नकोसेपण तिच्या अंगाला चिकटवून बाकीचे सगळे मोकळे झाले होते. मुलगी आणि हनुवटीवरचा केस यांची बरोबरी मी करत नाहीये. शब्द कसा चालतो, एवढंच दाखवतेय.

ब्रोशर बोर्डापेक्षा हुशार आहे. त्यात ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे फोटो आहेत. मी ते बराच वेळ पाहिले, कारण वेटिंग रूममध्ये दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि शेजारची बाई फोनवर मोठ्याने रडत होती. ‘आधी’ची हनुवटी पिवळट दिव्याखाली आहे, ‘नंतर’ची पांढऱ्या. ‘आधी’चे ओठ मिटलेले, ‘नंतर’च्या ओठांवर हलकी लिपस्टिक. केस तर गेलेच, पण बाई दोन शेड उजळली. केस काढायला गेलेल्या बाईला गोरेपणा फुकट मिळतो, किंवा गोरेपणा विकायला केसांची वाट धरलेली असते. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० साली नाव बदललं, पण तो पांढरा दिवा अजून तिथेच जळतोय. दोन्ही फोटो नाकापासून खाली कापलेले. डोळे नाहीत. ओळख लपवण्यासाठी हे करावं लागतं, मान्य. पण परिणाम असा होतो की ही हनुवटी कुणाचीच नसते. इथेही माणूस गाळला.

आता इथे ‘बघा, हे सगळं पाश्चात्त्य बाजाराने आणलं, आपल्याकडे असं नव्हतं’ असं म्हणायचा मोह होतो. त्याला आधार देणारा पुरावाही आहे. जिलेटने १९१५ साली अमेरिकेत बायकांसाठी वेगळा रेझर काढला, बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन येत होती तेव्हा. दुसरीकडे आपला कालिदास. ‘कुमारसंभवा’च्या पहिल्या सर्गात पार्वतीच्या तारुण्याचं वर्णन करताना तो तिच्या पोटावरच्या कोवळ्या लवेवर अख्खा श्लोक खर्च करतो. वस्त्राची गाठ ओलांडून खोल नाभीत शिरणारी ती बारीक काळी रेघ त्याला मेखलेतल्या मधल्या रत्नाच्या किरणासारखी दिसते. कालिदासाला केस किरण वाटला, आणि आम्ही किरणाने केस जाळतोय. ही कोटी मला इतकी आवडली होती की परीक्षण तिथेच संपवावं असं वाटलं. रोमावलीवर पुढे संस्कृतात अख्खं शतक लिहिणारा विश्वेश्वर नावाचा कवीही झाला. साहित्यशास्त्राच्या आठ सात्त्विक भावांत रोमांच आहे. आपल्या भाषेत अजूनही गोष्ट रोमारोमांत भिनते आणि अंगावर काटा येतो. म्हणजे भावना जिथे दिसतात ती जागा केसांची.

पण ही गोडी एकतर्फी आहे. कालिदासाची रेघ पोटावर, नेमकी, बारीक आणि नवी आहे. ती ओठावर असती तर? मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या मुलीशी लग्न करू नये याची यादी आहे, त्यात जिच्या अंगावर अजिबात लव नाही ती नको आणि जिच्या अंगावर फार लव आहे तीही नको. (त्याच श्लोकात फार बोलणारीही नको, म्हणजे माझा दोन्हीकडून निकाल लागला.) म्हणजे मोजपट्टी आपल्याकडेही होती. फरक एवढाच की मनूचं वाक्य व्याकरणाने पुरं आहे. निवडणारा पुरुष आहे, आणि त्याने काय करावं ते क्रियापदात आहे. कुणाला नको, हे स्वच्छ आहे. बोर्ड लिहिणाऱ्यापेक्षा मनू या बाबतीत तरी सरळ निघाला, हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

आणि घरात? आई सांगते की मी जन्मले तेव्हा पाठीवर, कपाळावर भरपूर लव होती. आजीने बाराव्या दिवसापासून डाळीच्या पिठात हळद आणि तेल घालून गोळा केला आणि रोज अंघोळीआधी तो माझ्या पाठीवरून फिरवला. तान्ह्या बाळाची ती लव पहिल्या काही महिन्यांत आपोआप जाते, पिठाचा गोळा असो वा नसो. पण आजीचा हात थांबला नाही. ‘पोरीची जात,’ एवढंच ती म्हणायची. माझं पहिलं हेअर रिमूव्हल बारशाच्या आधीचं आहे. त्यात बाजार नव्हता, ब्रोशर नव्हतं. माया होती आणि धास्ती होती, दोन्ही एकाच पिठात मळलेली. ‘लव’ या शब्दात मात्र तिरस्कार नाही. तोच शब्द पहिल्या पावसानंतर माळावर येणाऱ्या गवताला चालतो. तेरा-चौदाव्या वर्षी माझ्या ओठावरच्या लवेचे ‘केस’ झाले आणि विसाव्या वर्षी हनुवटीवर ‘दाढी’. शब्द बदलत गेले तसा आरशापुढचा वेळ वाढत गेला. थ्रेडिंग, मग कात्री, मग ऑफिसला निघण्याआधी खिडकीच्या उजेडात प्लकर. बॅगेत कायम एक प्लकर. एकदा ट्रेकला तो विसरला, तर मी दोन दिवस प्रत्येक फोटोत मागे उभी राहिले.

तर मी जिना चढले. फसवलं कुणी नाही, सगळं वाचून गेले.

आत गेल्यावर पहिला धक्का असा की ‘मॅम, वॅक्स, थ्रेडिंग काही करायचं नाही, आदल्या दिवशी फक्त शेव्ह करून यायचं.’ ज्या घरात ‘पोरींनी ब्लेड लावायचं नसतं, राठ येतात’ हे वेदवाक्य होतं तिथली मी. खरं तर ब्लेडने केस राठ होत नाहीत. १९२८ सालीच मिल्ड्रेड ट्रॉटर या अभ्यासक बाईंनी मोजमापं घेऊन ते तपासलं होतं. निमुळतं टोक कापलं जातं म्हणून उगवणारा केस बोटाला खरखरीत लागतो, इतकंच. पण मुळापासून उपटलेला केस मशीनच्या कामाचा नसतो. प्रकाश केसातून मुळापर्यंत उतरतो, म्हणून मूळ जागेवर हवं. केस घालवायचे तर आधी ते राखायला हवेत. या सगळ्या व्यवहारातली मला आवडलेली एकमेव गोष्ट हीच.

यंत्राचं तत्त्वही देखणं आहे. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी मांडलं की प्रकाशाची तरंगलांबी आणि झोताचा अवधी नीट निवडला तर कातडीतली एकच गोष्ट तापवता येते, आजूबाजूचं सोडून. केसांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे मेलॅनिन, काळा रंग. केसातला काळा रंग प्रकाश पितो, तापतो, आणि मुळाशी जिथून केस पुन्हा उगवतो ती जागा भाजते. वाढीच्या अवस्थेतले केसच नीट सापडतात, सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात, म्हणून सहा-आठ सिटिंग, चार-सहा आठवड्यांच्या अंतराने. पांढऱ्या केसावर काहीच होत नाही. त्याच्यात पिण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणजे हे यंत्र वाचतं. पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरं वाचावीत तसं. प्रश्न कागदाचा आहे. माझा कागद खाकी आहे. कातडीतही मेलॅनिन आहे, आणि यंत्राला अक्षर आणि कागद यांतला फरक आपोआप कळत नाही, तो चालवणाऱ्याने सांगावा लागतो. त्यासाठी डॉक्टर फिट्झपॅट्रिकची मोजपट्टी वापरतात, कातडीचे सहा प्रकार. ही पट्टी १९७५ साली अमेरिकेत झाली तेव्हा तिच्यात चारच प्रकार होते, उन्हात किती भाजतं आणि किती रापतं यावरून केलेले गोऱ्या कातडीचे चार प्रकार. तपकिरी आणि काळी कातडी पाचवा आणि सहावा प्रकार म्हणून नंतर जोडली. जगातली एवढी माणसं पुरवणीत! आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. अशा कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण ती तरंगलांबी खोल जाते आणि वरच्या मेलॅनिनला कमी तापवते. आयपीएल मात्र लेझरच नाही. (आयपीएल म्हटलं की आपल्याकडे क्रिकेट. बाबांना मी ‘आयपीएलला जातेय’ म्हणाले तेव्हा त्यांनी कुणाची मॅच म्हणून विचारलं होतं.) तो अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत असतो, फिल्टर लावून गाळलेला. जाणत्या हातात तोही चालतो. अजाणत्या हातात तो खाकी कागदच पेटवतो.

पहिलं सिटिंग बरं गेलं. डोळ्यांवर गॉगल, हनुवटीवर थंडगार जेल, मग रबरबँड सोडल्यासारखा चटका आणि तो वास. गावाकडे पिसं काढलेली कोंबडी जाळावर धरतात, उरलीसुरली लव जाळायला, हुबेहूब तो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि भूकही लागली.

दुसऱ्या वेळी डॉक्टर नव्हते. मुलगी नवी होती, चांगली होती, माझ्याशी सैराटबद्दल बोलत होती. तिने विचारलं, ‘ताई, रिझल्ट लवकर हवाय ना? थोडं वाढवू?’ मी हो म्हणाले. हे लपवण्यात अर्थ नाही. मी हो म्हणाले. गोव्याहून येऊन आठवडाही झाला नव्हता आणि रापलेल्या कातडीवर हे करायचं नसतं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. रात्री जबड्यावर फोड आले. फोड बसले आणि त्या जागी काळसर आयत उरले, यंत्राच्या तोंडाच्या मापाचे, कडा सरळ, पट्टीने आखल्यासारखे. तीन डाव्या बाजूला, दोन उजव्या. जवळपास पाच महिने ते माझ्या चेहऱ्यावर होते. मला आधी केस लपवायचे होते, आता कुणी मोजपट्टी घेऊन चेहऱ्यावर काम केलंय हे लपवायचं होतं.

तेव्हा मी संमतीपत्र शोधून काढलं.

या सगळ्या मजकुरातला साहित्य म्हणून सर्वांत चांगला भाग संमतीपत्र आहे, हे मी गंभीरपणे म्हणतेय. दोन पानं इंग्रजी, बारीक टाइप. पण त्यात एक शब्द खोटा नाही. परिणाम व्यक्तीनुसार बदलतात. हमी देता येत नाही. नंतरही अधूनमधून सिटिंग लागतील. भाजणं, फोड, डाग होऊ शकतात, सावळ्या कातडीवर अधिक. हार्मोनच्या तक्रारी असतील तर केस पुन्हा येऊ शकतात. आणि एक ओळ वाचून मी उठून बसले: काही जणांत उपचार केलेल्या किंवा लगतच्या जागी केस वाढू शकतात. म्हणजे काढायला गेलात आणि जास्त आले, असं होतं. कमी जणांना होतं, पण सावळ्या कातडीत, चेहऱ्यावर आणि पीसीओएस असलेल्या बायकांत हे अधिक पाहिलं गेलंय. बोर्डावर जे जे खोटं होतं त्या प्रत्येकाला इथे उत्तर होतं. ‘कायमची’चं खंडन तिसऱ्या मुद्द्यात, ‘मुक्ती’चं सातव्यात. जणू एकाच लेखकाने दोन पुस्तकं लिहिली, एक विकायला, एक कोर्टासाठी.

शेवटी सहीच्या वर मराठीत दोन ओळी होत्या. पहिली: ‘मला वरील सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.’

इतका वेळ मी ज्याला शोधत होते तो ‘मला’ इथे सापडला. बोर्डावर नव्हता, ब्रोशरमध्ये नव्हता, फोटोत डोळ्यांसकट कापला होता. केस कुणाला नकोत हे सांगायच्या वेळी चतुर्थी गायब, आणि जबाबदारी कुणाच्या अंगावर टाकायची म्हटल्यावर चतुर्थी हजर. शिवाय ‘सांगण्यात आले’. कुणी सांगितलं? इथे कर्ता पळाला. एका वाक्यात मी पक्की बांधलेली आणि ते मोकळे. मराठी इतकी काटेकोर वापरलेली मी अलीकडच्या कुठल्या कादंबरीत पाहिली नाही. सही माझी आहे, निळ्या पेनाने, घाईत केलेली. रिसेप्शनवरच्या मुलीने फुली मारून दाखवलेल्या जागी.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. वयस्कर बाई, जुन्या वाड्यात दोन खोल्या, लोखंडी पंखा. त्यांनी डाग पाहिले, मलम लिहिलं, सनस्क्रीन लिहिलं, आणि मग विचारलं, ‘पाळी महिन्याच्या महिन्याला येते का?’

नाही येत. कॉलेजपासून नाही येत. कधी दोन महिन्यांनी, कधी साडेतीन. मला वाटायचं, माझं असंच आहे. पहिल्या क्लिनिकमध्ये माझ्या बजेटपासून लग्नाच्या तारखेपर्यंत सगळं विचारलं होतं (लग्न ठरलेलं नाही, पण फॉर्मवर तशी चौकट होती). पाळीचं कुणी विचारलं नव्हतं. कशाला विचारतील? नकोशा गोष्टीला कुणी ‘का आलीस’ म्हणून विचारत नाही.

या बाईंच्या टेबलावरच्या काचेखाली एक कागद होता. बाईच्या शरीराची साधी रेघांची चित्रं, ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ, दंड, मांड्या, आणि प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण. फेरिमन आणि गॅलवे या दोघांनी १९६१ साली इंग्लंडमध्ये ही पद्धत मांडली. तेव्हा अकरा जागा होत्या, आता नऊ धरतात. त्या पट्टीवरही टीका करता येईल. पुरुषाचे केस जिथे वाढतात त्या जागा धरून बाईला मोजायचं, आणि किती गुणांनंतर ‘जास्त’ म्हणायचं ही रेघ देशोदेशीच्या बायकांत सारखी कशी असेल? तरी मला त्या कागदाबद्दल माया वाटली. माझ्या केसांना पहिल्यांदाच कुणी मजकूर समजून वाचत होतं. खोडून टाकण्याआधी. तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. पीसीओएस निघालं, आणि उपाशीपोटीची साखर सीमेवर. आईच्या घरी सगळ्यांना मधुमेह आहे. मी तीस वर्षांची आहे. हनुवटीवरचे केस दहा वर्षं काहीतरी सांगत होते आणि मी रोज सकाळी खिडकीत उभी राहून ते उपटत होते.

इथे लेझरवाल्यांना झोडपून थांबता आलं असतं. पण त्याच दोन खोल्यांमध्ये, बाकावर, माझ्या शेजारी एक ट्रान्स बाई बसायची. आमची तीन-चार वेळा गाठ पडली. तिचं दाढीचं लेझर चालू होतं, एनडी-यागवर, दर पाच आठवड्यांनी. ती म्हणाली, दिवसातून दोनदा दाढी करून वर थर लावायचा, घाम आला की तो फुटायचा, आणि लोकलमध्ये समोरच्याची नजर बदलायची. ‘मला हे नको होतं गं. बाराव्या वर्षापासून नको होतं.’ तिच्या वाक्यात चतुर्थी होती, ठणठणीत. माझ्या परीक्षणाची सगळी मांडणी ज्या शब्दावर उभी होती तो तिने सहज वापरला आणि त्याच यंत्राकडे गेली. तिचे निम्म्याहून जास्त केस गेले होते. तिच्या चेहऱ्यावरचं हसू ‘नंतर’च्या फोटोतलं नव्हतं, कारण त्याला डोळे होते.

आणि मी? डाग गेल्यावर मीही पुन्हा लेझर सुरू केलं. त्याच बाईंकडे, गोळ्यांबरोबर, कमी ताकदीवर, आधी कानामागे एक ठिपका मारून दोन आठवडे वाट पाहून. वाचकांना वाटलं असेल की मी दाढी राखून फ्रीडा काहलोसारखी समोर येईन. फ्रीडाने स्वतःच्या चित्रांत ओठावरची लव आवर्जून रंगवली, तिच्या हातात ब्रश होता. माझ्या हातात प्लकर होता. बॅगेत अजून आहे, पण गेल्या महिन्यात दोनदाच काढला.

हे लिहीत होते तेव्हा कराडहून मावसबहिणीचा मेसेज आला. आठवीत आहे. बरोबर एका ब्रोशरचा फोटो, वेगळं शहर, वेगळं क्लिनिक, तेच पाय. ‘ताई तू केलंयस ना? दुखतं का? आई म्हणतेय दिवाळीच्या सुट्टीत करून टाकू.’

मी लांबलचक उत्तर टाइप केलं. कालिदास होता त्यात. मग सगळं पुसलं आणि विचारलं, ‘पाळी नीट येते का तुझी?’

‘नाही गं. तीन महिन्यांनी आली. का?’

‘सांगते. आणि केस तुला नकोत की कुणी काही बोललं?’

बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, थांबलं, परत दिसलं.

‘क्लासमधली मुलं मिशीवाली म्हणतात. पण मला पण नकोत.’

मी ‘मला पण’ हे दोन शब्द किती वेळा वाचले सांगता येणार नाही. ते आधीपासून तिचे होते की मुलांनी तिच्या तोंडी घातले, हे ठरवायला माझ्याकडे कुठलंच व्याकरण नव्हतं.

‘दिवाळीत इकडे ये,’ मी लिहिलं. ‘आधी एका डॉक्टर बाईंना भेटू, त्या पाळीचं बघतील. लेझर आत्ता नको. तोवर खूपच वाटलं तर नवीन रेझर घे, हळू फिरव. राठ येत नाहीत, खरंच.’

‘आईला सांगू?’

‘नको. मावशीशी मी बोलते.’